आयात मालाची तपासणी बंदरावर कमी, दप्तरात जास्त: कस्टमचा कायदा कसा बदलला

न्हावा शेवा बंदरात शांघायहून आलेला कंटेनर उतरला, की कस्टमचे अधिकारी त्याचं सील तोडून आतला माल मोजून बघतात, अशी आपली साधारण समजूत असते. आज बहुतेक कंटेनर न उघडताच बंदराबाहेर पडतात. मालाची कागदपत्रं जहाज पोहोचण्याआधीच संगणकावर चढलेली असतात. शुल्क किती होतं ते आयातदारानेच काढून भरलेलं असतं. त्या कागदांवर नजर टाकणारा अधिकारी उरणजवळच्या जवाहर सीमाशुल्क भवनात असेलच असं नाही. तो चेन्नईत किंवा कोलकात्यातही बसलेला असू शकतो.

हे सगळं नुसत्या संगणकामुळे झालेलं नाही, त्यासाठी कायद्याचा पायाच हलवावा लागला. पूर्वी सरकार म्हणायचं, माल दाखवा, मग सोडू. आता म्हणतं, तुम्ही लिहून द्याल ते खरं धरून माल सोडतो, तपासायचं ते नंतर तपासू. ही दिशा मला योग्य वाटते. पण त्यात एक तफावत राहून गेली आहे. आयातदाराच्या खांद्यावर जबाबदारी झपाट्याने आली, आणि त्या बदल्यात त्याला मिळायला हवी होती ती नियमांची खात्री मात्र खूप मागे राहिली. भोसरीतला एखादा लघुउद्योजक जेव्हा पहिल्यांदा यंत्राचे सुटे भाग मागवतो, तेव्हा ही तफावत त्याच्या खिशापर्यंत पोहोचते. म्हणून हा विषय वकील आणि कस्टम ब्रोकर, म्हणजे आयातदाराच्या वतीने कस्टमची कागदपत्रं भरणारे मध्यस्थ, यांच्यापुरता राहू नये असं मला वाटतं.

संशयावर उभा राहिलेला कायदा

आज लागू असलेला सीमाशुल्क अधिनियम १९६२चा. १ फेब्रुवारी १९६३पासून तो अमलात आला आणि त्याने १८७८च्या सागरी सीमाशुल्क कायद्याची जागा घेतली. त्या काळात परकीय चलनाचा खडखडाट होता. बहुतेक वस्तू मागवायला परवाना लागे, आणि ज्या मागवता येत त्यांवर जबर शुल्क होतं. त्यामुळे सोनं, घड्याळं, कापड असा माल कोकणच्या किनाऱ्यावर चोरून उतरत असे. कायद्याची घडण या पार्श्वभूमीवर झाली. त्यातलं कलम १२३ आजही आहे: सोनं किंवा घड्याळं तस्करीची असल्याच्या सबळ शंकेवरून जप्त झाली, तर ती तस्करीची नाहीत हे ज्याच्याकडे सापडली त्यानेच सिद्ध करायचं. एरवी आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा हा न्यायाचा साधा नियम. इथे तो उलटा आहे. पुढे १९७४मध्ये तस्करांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येईल असा कॉफेपोसा कायदाही आला.

तस्करीचा मोठा आधार म्हणजे शुल्काचा दर. दर जितका चढा, तितका चोरून आणण्यातला नफा मोठा. जुलै १९९१च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी सीमाशुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला, तेव्हा ती मोठी कपात मानली गेली, यावरून आधीची अवस्था कळते. पुढच्या दीड दशकात बिगरशेती मालावरचा सर्वसाधारण कमाल दर १० टक्क्यांपर्यंत उतरला. सोन्याचं गणित अगदी अलीकडेही तसंच चाललं: दर १५ टक्के होता तोवर विमानतळांवर सोनं पकडल्याच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या, आणि जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तो ६ टक्के करण्यामागे तस्करीतला फायदा कमी करणं हेही एक कारण होतं. अंमलबजावणी सुधारायची तर शिपाई वाढवण्याइतकाच दर ठरवण्यालाही अर्थ असतो.

दर उतरले, परवाने गेले, आणि कायदेशीर व्यापार कैक पटींनी फुगला. १९८९मध्ये सुरू झालेलं न्हावा शेवा हे कंटेनर वाहतुकीतलं देशातलं आघाडीचं बंदर झालं. बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमध्ये कागदी फाइल घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धावणाऱ्या क्लिअरिंग एजंटच्या पद्धतीत हा लोंढा मावणं शक्यच नव्हतं.

कस्टम नेमकं काय तपासतं

पुढचं समजायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: कस्टमला चार प्रश्नांची उत्तरं हवी असतात. माल काय आहे? त्याची किंमत किती? तो कोणत्या देशात बनला? आणि तो आणायला परवानगी आहे का?

पहिला प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक क्रमांक आहे. त्यातले पहिले सहा आकडे ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेले, पुढचे दोन भारताने जोडलेले. शुल्काचा दर या क्रमांकावर ठरतो. पण स्मार्टवॉच हे घड्याळ की संदेशवहनाचं उपकरण? हा प्रश्न थेट ब्रुसेल्सपर्यंत गेला होता आणि तिथे ते संदेशवहनाच्या उपकरणांत धरलं गेलं. असे प्रश्न हजारो वस्तूंबद्दल पडतात, आणि प्रत्येक उत्तरामागे पैसा असतो.

हा पैसा कसा मोजतात ते आपल्या भोसरीच्या उद्योजकाच्या मालावरून पाहू. जहाजभाडं आणि विमा धरून माल १० लाख रुपयांचा आहे आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के आहे असं समजा. म्हणजे १ लाख रुपये. या शुल्काच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १० हजार. आता किंमत आणि ही दोन्ही मिळून झाले ११ लाख १० हजार. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, १८ टक्के: १ लाख ९९ हजार ८०० रुपये. एकूण भरणा ३ लाख ९ हजार ८०० रुपयांचा. यातला आयजीएसटी नोंदणीकृत उद्योजकाला पुढे आपल्या जीएसटीतून वळता करता येतो. मूळ शुल्क आणि अधिभार मात्र खर्चात जातात. त्यामुळे क्रमांक चुकला, किंमत कमी दाखवली किंवा बनलेला देश दुसराच सांगितला, तर खरा फरक या १ लाख १० हजारांत पडतो.

२०११ची कलाटणी

सगळ्यात मोठा बदल ८ एप्रिल २०११ रोजी झाला, आणि त्याचा सार्वजनिक गाजावाजा फारसा झाला नाही. त्या दिवसापासून शुल्क आकारणीचं काम कायद्यानेच आयातदाराकडे गेलं. आधी अधिकारी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं विवरणपत्र, तपासून आकारणी करत असे. आता आयकराच्या विवरणपत्रासारखं आयातदारानेच सगळं भरायचं, स्वतःच क्रमांक आणि दर ठरवायचा, आणि अधिकाऱ्याने गरज वाटली तर ते पडताळायचं.

गरज कोणाच्या बाबतीत, हे संगणक ठरवतो. जोखीम व्यवस्थापन प्रणाली २००५पासूनच आली होती. आयातदार कोण, माल कोणता, कुठून आला, आधीचा इतिहास काय, हे पाहून ही प्रणाली प्रत्येक बिल वेगळं काढते. काहींना अडवणूकच नाही, शुल्क भरलं की माल सुटला. काहींची फक्त कागदं तपासायची, काहींचा माल उघडून बघायचा. संशयित कंटेनर स्कॅनरखालून जातो. ज्यांचा कारभार स्वच्छ आहे त्यांना अधिकृत आर्थिक परिचालक असा दर्जा मिळतो आणि त्यांचा माल आणखी लवकर सुटतो.

बाकीचे बदल या पायावर रचले गेले. एप्रिल २०१६पासून एकखिडकी पद्धत आली. अन्नसुरक्षा, वनस्पती विलगीकरण, औषध नियंत्रक अशा खात्यांकडे आता त्याच अर्जातून प्रकरण जातं. २०१८पासून कागद स्कॅन करून चढवणं देशभर सुरू झालं. २०२१च्या सुधारणेने सांगितलं, की समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलंच पाहिजे. श्रीलंका, बांगलादेश अशा काही जवळच्या देशांच्या मालाला थोडी सवलत आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये दंडशुल्क. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवत नाही. पण विदेशी विक्रेत्याने कागद उशिरा पाठवले म्हणून छोट्या आयातदाराला ती भरावी लागते, तेव्हा चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. हे दंडशुल्क माफ व्हावं म्हणून अर्ज करता येतो, पण त्यात वेळ जातो, आणि तोवर सीएफएसमधलं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर ठेवण्याच्या आवारातलं, भाडं चढत राहतं ते वेगळंच.

२०२०च्या जूनमध्ये बंगळुरू आणि चेन्नईपासून चेहराविरहित आकारणी सुरू झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२०पर्यंत ती देशभर पसरली. माल न्हावा शेवाला उतरला तरी कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरातला. हेतू स्वच्छ होता: आयातदार आणि अधिकारी यांची गाठच पडू नये आणि एकाच मालाला देशभर एकच दर लागावा. टेबलाखालच्या व्यवहारांची एक वाट त्याने बंद केली, हे मान्यच करायला हवं. पण समोर माणूस नसल्याने मालाबद्दल समजावून सांगणंही अवघड झालं. संगणकावर ‘क्वेरी’ येते, तिला उत्तर द्यायचं, मग दुसरी येते. नवीन प्रकारच्या यंत्राचं काम दोन ओळींत लिहून पटवणं कठीण असतं. त्यासाठी व्हिडिओवर सुनावणीची सोय हक्काने मिळायला हवी असं माझं मत आहे.

सुपारी, किंमत आणि बनलेला देश

सैल सोडलं की गैरफायदा घेणारे येतात, हेही खरं. न्हावा शेवा रायगड जिल्ह्याच्या एका टोकाला आहे आणि रोठा सुपारीसाठी नावाजलेलं श्रीवर्धन त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. परदेशी सुपारीवर १०० टक्के मूळ शुल्क आहे, आणि फेब्रुवारी २०२३पासून किलोला ३५१ रुपयांपेक्षा कमी किमतीची सुपारी काही अपवाद सोडता आणताच येत नाही. म्हणून ती दुसऱ्याच मालाच्या नावाखाली कंटेनरमध्ये भरली जाते. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, न्हावा शेवाला असे कंटेनर वारंवार पकडले आहेत. यात सरकारचा महसूल बुडतो तो बुडतोच. शिवाय कोकण-गोव्यातल्या बागायतदाराच्या सुपारीचा भाव पडतो. अंमलबजावणी म्हणजे व्यापाऱ्यांचा छळ, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या बागायतदाराकडेही बघावं.

किंमत कमी दाखवणं हा दुसरा जुना प्रकार. कायद्याचा नियम असा, की प्रत्यक्ष व्यवहारात ठरलेली किंमतच धरायची. अधिकाऱ्याला शंका आली तर त्याने कारण द्यायचं आणि खुलासा मागायचा. २०२३मध्ये नवे नियम आले. ज्या वस्तूंत किंमत दडवली जात असल्याचं दिसतं, त्या वस्तू सरकार ठरावीक काळासाठी निश्चित करतं आणि त्यांच्या आयातदाराकडून जादा माहिती मागतं. सरसकट सगळ्यांवर संशय घेण्यापेक्षा ही वाट मला बरी वाटते.

तिसरा प्रकार मुक्त व्यापार करारांतून आला. आसियान गटातल्या आग्नेय आशियाई देशांशी मालाच्या व्यापाराचा करार १ जानेवारी २०१०पासून लागू आहे. थायलंड किंवा व्हिएतनाममध्ये बनलेल्या मालाला त्यात सवलत मिळते. अट अशी, की सर्वसाधारणपणे ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशात जोडलेलं हवं आणि मालाचा सांकेतिक क्रमांकही बदललेला हवा. मग तिसऱ्याच देशातला माल नुसतं खोकं बदलून, तिथलं प्रमाणपत्र घेऊन यायला लागला. यावर २०२० साली कायद्यात नवं कलम आलं आणि २१ सप्टेंबर २०२०पासून त्याचे नियम लागू झाले. त्यांनुसार नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. माल तिथे कसा बनला, कोणता कच्चा माल वापरला, मूल्यवृद्धी किती झाली, ही माहिती आयातदाराकडे असायला हवी आणि पाच वर्षं जपून ठेवायला हवी.

इथे छोट्या आयातदाराची अडचण समजून घ्या. बँकॉकचा कारखानदार आपला खर्चाचा तपशील पुण्याच्या गिऱ्हाइकाला का देईल? त्याच्यासाठी ते व्यापारी गुपित आहे. कंपनीचीच शाखा तिथे असलेला मोठा उद्योग ही माहिती मिळवू शकतो. बाकीचे अनेकदा सवलत सोडून पूर्ण शुल्क भरतात, म्हणजे करार झाला पण त्याचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. देशादेशांच्या कस्टम खात्यांनी ही माहिती एकमेकांना थेट पाठवणं, हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे.

माल सुटल्यानंतरची पाच वर्षं

‘ओओसी मिळाली’, म्हणजे माल नेण्याची परवानगी आली, की आयातदार सुटकेचा श्वास सोडतो. कायद्याच्या नजरेत तो अजून सुटलेला नसतो. शुल्क कमी भरलं गेलं असं वाटलं तर कस्टम दोन वर्षांपर्यंत नोटीस काढू शकतं; मुद्दाम खोटं सांगितलं किंवा माहिती दडवली असा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. २०१८मध्ये तर माल सुटल्यानंतरच्या लेखापरीक्षणाला कायद्यात स्वतंत्र कलमच मिळालं. तपासणी गेटवरून दप्तरात गेली म्हणतात ती अशी. आणि नोटीस येते तेव्हा माल केव्हाच विकलेला असतो. गिऱ्हाइकाकडून जादा शुल्क वसूल करायची सोय उरलेली नसते.

हे किती मोठं होऊ शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. सप्टेंबर २०२४मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस गेली. छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या गाड्यांचे भाग वेगवेगळ्या खेपांतून आणले आणि सुट्या भागांचा ५ ते १५ टक्के दर भरला, मुळात ते जोडायला तयार गाडीचे संच होते आणि त्यांवर ३० ते ३५ टक्के दर लागायला हवा होता, असा कस्टमचा आरोप. कंपनीने तो नाकारला. तिचं म्हणणं, सरकारला ही पद्धत वर्षानुवर्षं माहीत होती. २०२५च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयात यावर दीर्घ युक्तिवाद झाले. कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. पण एकाच प्रकारच्या खेपा दशकभर सुटत राहाव्यात आणि मग एकदम सगळ्याचा हिशेब मागितला जावा, हे सरकार आणि उद्योग दोघांच्याही हिताचं नाही. शंका पहिल्या-दुसऱ्या वर्षीच विचारली गेली पाहिजे.

नोटीस काढायचा अधिकार कोणाला, यावरही चार वर्षं गोंधळ होता. मार्च २०२१मध्ये कॅनन इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डीआरआयचे अधिकारी अशी नोटीस काढू शकत नाहीत. २०२२मध्ये सरकारने कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने फेरविचार करून डीआरआयचा अधिकार मान्य केला. मधल्या काळात असंख्य प्रकरणं तशीच लटकली. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक महत्त्वाचा निकाल आला. कस्टमचे अधिकारी पोलीस नसले तरी अटक करताना आरोपीला फौजदारी कायद्यातली संरक्षणं द्यावीच लागतील, अटकेची कारणं लेखी असावी लागतील, असं त्यात स्पष्ट झालं. १९६२च्या कायद्यातला संशयाचा सूर या निकालाने थोडा नरमला.

आयातदाराच्या पदरात काय पडलं

आधी विचारून घ्यायची सोय आहे. आपल्या मालाचा क्रमांक कोणता, किंमत कशी धरणार, देशाच्या उगमाचा नियम लागतो का, हे माल आणण्यापूर्वीच अग्रिम निर्णय प्राधिकरणाला विचारता येतं. जानेवारी २०२१पासून अशी प्राधिकरणं मुंबई आणि दिल्लीत आहेत. अर्जाचं शुल्क १० हजार रुपये, आणि निर्णय तीन महिन्यांत द्यावा असं कायदा सांगतो. वारंवार एकच माल आणणाऱ्याने हा खर्च जरूर करावा. मात्र फक्त दोन शहरांत असलेली ही सोय छोट्या उद्योजकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

अधिसूचनांचं जंगलही थोडं विरळ झालं आहे. दरात सवलती देणाऱ्या वेगवेगळ्या ३१ अधिसूचना एकत्र करून १ नोव्हेंबर २०२५पासून एकच लागू झाली. त्याआधी २०२५च्या अर्थसंकल्पाने औद्योगिक मालावरचे सात दर काढून टाकले आणि शून्य धरून आठच उरले. दर जितके कमी, तितकी क्रमांकावरून होणारी भांडणं कमी, कारण इकडे धरलं काय आणि तिकडे धरलं काय, आकडा सारखाच निघतो.

२०२५च्या वित्त कायद्यातल्या दोन तरतुदी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. तात्पुरती आकारणी करून, म्हणजे शुल्क तूर्त अंदाजे धरून हमीवर, सोडलेल्या मालाचा अंतिम निर्णय आता दोन वर्षांत लावायचा आहे, फार तर एक वर्ष मुदतवाढ. आधी अशी मर्यादाच नव्हती आणि आयातदाराची हमी वर्षानुवर्षं अडकून पडे. दुसरी, कलम १८अ. माल सुटल्यानंतर आयातदाराला आपली चूक स्वतःहून लक्षात आली, तर बिल दुरुस्त करून उरलेलं शुल्क आणि व्याज भरता येतं. जास्त भरलं असेल तर परतावाही मागता येतो. मुख्य अट अशी, की लेखापरीक्षण किंवा झडतीची सूचना त्याआधी आलेली नसावी. म्हणून ज्याने गेल्या वर्षभरात माल मागवला आहे, त्याने आपल्या कस्टम ब्रोकरकडून सगळी बिलं मागवून घ्यावीत आणि चार मुद्दे पुन्हा ताडून पाहावेत: क्रमांक, किंमत, देश, सवलतीची अधिसूचना. ब्रोकरने भरलं असलं तरी सही आयातदाराच्या नावाने असते, आणि नोटीसही त्याच्याच पत्त्यावर येते.